गुडघोटा

हा शब्द शब्दकोशात शोधू नका. माझ्या भाचीनं तो अकराव्या वर्षी तयार केला, केमोची बाटली थेंब थेंब उतरत असताना, निव्वळ कंटाळ्यातून. गुडघा आणि घोटा, दोन्ही मिळून गुडघोटा. तिच्या डाव्या पायात गुडघ्याच्या जागी आता घोटा आहे आणि तो गुडघ्याचं काम करतो. तेव्हा शब्द चुकलाय असं म्हणता येणार नाही.

परवा एका नव्या फिजिओथेरपिस्ट बाईंसमोर मी सहज बोलून गेलो, "हिचा गुडघोटा जरा सुजल्यासारखा वाटतोय." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. तेव्हा लक्षात आलं, पाच वर्षांत हा शब्द आमच्यात इतका मुरलाय की त्यामागची गोष्ट कुणाला सांगावी लागते हेच आम्ही विसरलोय. म्हणून ही गोष्ट. ती सांगताना माझी एक चूकही सांगावी लागणार, कारण या गुडघोट्याला घरात सगळ्यात जास्त विरोध माझा होता.

सुरुवात साधीच होती. संध्याकाळी डावा गुडघा दुखायचा. मग रात्रीही दुखायला लागला. मग झोपेतून उठवायला लागला. "वाढीचं वय आहे, दुखणारच," असं आम्ही सगळे म्हणालो, आणि ज्या डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवलं तेही तेच म्हणाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही असं मी आता म्हणतो; तेव्हा भरपूर दिला होता. वाढीचं दुखणं सहसा दोन्ही पायांत असतं, जागा बदलत राहतं आणि सकाळी मूल काहीच झालं नाही अशा थाटात खेळायला पळतं. हिचं दुखणं एकाच पायात, एकाच जागी होतं, गुडघ्याच्या चार बोटं वर. हा फरक मला आता पाठ आहे.

मग ती जिन्यात घसरली आणि एक्स-रे निघाला. ताईला पुढे कितीतरी महिने वाटत होतं की ते पडणंच नडलं, आपण जिना पुसून ओला ठेवला होता. पडल्यानं हाडाचा कॅन्सर होत नाही. पडल्यानं फक्त एक्स-रे निघतो. हे तिला डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, दाजींनी सांगितलं. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिन्यावर यायची.

निदान झालं ऑस्टिओसार्कोमाचं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला.

यातली विचित्र गोष्ट अशी, की आम्ही "वाढीमुळे दुखतंय" म्हणत होतो ते शब्दशः खोटं नव्हतं. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीची पट्टी असते, डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. मांडीचं हाड जेवढं लांबतं त्यातली सुमारे ७० टक्के लांबी एकट्या खालच्या पट्टीतून येते, वर्षाला जवळजवळ एक सेंटीमीटर. नडगीच्या वरच्या टोकाची पट्टी वर्षाला साधारण सहा मिलिमीटर देते. म्हणजे मूल उंच होतं ते मुख्यतः गुडघ्याच्या आसपास. आणि जिथे पेशी इतक्या घाईनं वाढतात, त्याच्या लगतच हा कॅन्सर बहुतेक वेळा उगवतो. तेही ऐन उंची वाढण्याच्या वयात. गुडघ्याभोवती सर्वांत जास्त, त्याखालोखाल दंडाच्या हाडात, खांद्याजवळ.

यातून पुढचा सगळा पेच जन्माला येतो. कॅन्सर काढायचा तर त्याच्याभोवतीचं थोडं निरोगी हाडमांसही काढावं लागतं, आणि त्यात वाढीची पट्टी जाते. मोठ्या माणसाच्या पायातून पंधरा सेंटीमीटर हाड गेलं तर पंधरा सेंटीमीटर भरून काढायचे. अकरा वर्षांच्या मुलीच्या पायातून तेवढंच गेलं तर पंधरा सेंटीमीटर भरायचे आणि शिवाय जे अजून आलेलंच नाही तेही भरायचं. मुलींचे गुडघे साधारण चौदाव्या वर्षापर्यंत वाढतात, मुलांचे सोळाव्यापर्यंत. हिची तीन वर्षं बाकी होती. हिशेब सोपा आहे: वर्षाला एक अधिक पॉइंट सहा, गुणिले तीन. जवळजवळ पाच सेंटीमीटर पाय, जो अजून अस्तित्वातच नव्हता.

मी यंत्रांचा माणूस आहे. गिअर, शाफ्ट, बेअरिंग यांत माझी पंचवीस वर्षं गेली. संकट आलं की काही माणसं देवाकडे वळतात, काही नातेवाइकांना फोन करतात. मी ड्रॉइंग शोधतो. भाचीच्या केमोच्या पहिल्या दहा आठवड्यांत मी सापडेल ते वाचत होतो, आणि त्यात एक गोष्ट अशी सापडली की मी वॉर्डात एकटाच हसलो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या आजाराला एकच उत्तर होतं, पाय कापणं. ते करूनही पाचातलं जेमतेम एक मूल वाचायचं, कारण निदान होईतो कॅन्सरचे सूक्ष्म कण बहुतेकांच्या फुप्फुसात पोचलेले असायचे. मग केमोथेरपी आली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात जेराल्ड रोझेन आणि राल्फ मार्कोव्ह हे डॉक्टर काही मुलांचा पाय न कापता आत धातूचं हाड बसवायला लागले. पण हे हाड प्रत्येक मुलाच्या मापानं बनवून घ्यावं लागे, आणि त्याला दोन-तीन महिने लागत. तेवढे दिवस नुसतं बसून कसं राहायचं? म्हणून ऑपरेशनच्या आधीच केमो सुरू केली. कारखान्याच्या उशिरातून निघालेली ही पळवाट. पुढे काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तेव्हा कळलं की औषधानं किती पेशी मेल्या हे आता मोजता येतं, आणि त्यावरून मुलाचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येतो. ९० टक्क्यांहून जास्त मेल्या असतील तर चांगला प्रतिसाद. आज जगभर या आजारात आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो हाच क्रम असतो, आणि कॅन्सर पसरलेला नसेल तर तिघांतली साधारण दोन मुलं वाचतात. माल वेळेवर न आल्यामुळे कुणाचं भलं झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

दहा आठवडे संपत आले तसं आम्हाला बसवून पर्याय सांगितले. सर्जन मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. समोर कागद घेऊन त्या पेन्सिलीनं पाय काढायच्या आणि खोडायच्या. दाजींनी सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला, "मॅडम, पाय पहिल्यासारखा होईल ना?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "पहिल्यासारखा म्हणजे कधीसारखा? अकराव्या वर्षीचा पाय घेऊन ती विसाव्या वर्षी काय करणार?"

तेव्हा मला हे उत्तर उर्मट वाटलं होतं.

पर्याय तीन होते. एक, मांडीतून पाय कापून कृत्रिम पाय लावणं. दोन, आत धातूचं हाड आणि धातूचा गुडघा बसवणं, ज्याला मेगाप्रोस्थेसिस म्हणतात, आणि तेही वाढणारं. तीन, रोटेशनप्लास्टी.

दुसऱ्या पर्यायाच्या मी प्रेमात पडलो. पडलो म्हणजे अगदी शब्दशः. या वाढणाऱ्या प्रोस्थेसिसच्या आत एक छोटं चुंबक आणि गिअरबॉक्स असतो. मुलाचा पाय बाहेरून एका कड्यासारख्या यंत्रात ठेवायचा. त्यात फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आतलं चुंबक त्याच्याबरोबर फिरतं, आणि गिअरबॉक्समधून त्या फिरण्याचं रूपांतर लांबीत होतं. सुमारे तेरा हजार फेऱ्यांना एक असं ते गुणोत्तर आहे. चार मिनिटांत एक मिलिमीटर. भूल नाही, टाका नाही, मूल तिथे बसून गोष्टीचं पुस्तक वाचत असतं. २००२ च्या सुमारास असं पहिलं प्रोस्थेसिस बसवलं गेलं. त्याआधी बहुतेकदा प्रत्येक वेळी छोटं ऑपरेशन करून स्क्रू फिरवावा लागायचा. तेरा हजाराला एक! मी आयुष्यभर गिअर केले, पण हाडात बसेल असा असला ऐवज पाहिला नव्हता. घरी येऊन ताईला मी तासभर तो समजावला. ती म्हणाली, "तू विकायला आल्यासारखा बोलतोयस."

तिसरा पर्याय मला ऐकवतही नव्हता. मांडीचा मधला भाग गुडघ्यासकट काढायचा, पण पायाची मोठी नस, सायाटिक नर्व्ह, तशीच ठेवायची. मग खालचा उरलेला पाय १८० अंशांत फिरवून वर आणायचा आणि मांडीच्या उरलेल्या हाडाला जोडायचा. पाऊल मागे तोंड करून, घोटा गुडघ्याच्या ठिकाणी. त्या पावलावर कृत्रिम पाय चढवायचा. म्हणजे कापायचाही आणि ठेवायचाही, वर उलटा! आपल्या गोष्टींतल्या हडळीचे पाय उलटे असतात. हा शब्द मी ताईसमोर काढला नाही, पण डोक्यातून जात नव्हता. पुढे कळलं, तिच्याही डोक्यातून जात नव्हता.

ही पद्धत नवी आहे असं मला वाटलं होतं. ती आहे १९३० ची. बोर्गग्रेव्ह नावाच्या जर्मन सर्जननं क्षयानं गुडघा गेलेल्या एका मुलावर ती पहिल्यांदा केली. १९५० मध्ये हॉलंडच्या व्हान नेसनं जन्मतः मांडीचं हाड तोकडं असलेल्या मुलांसाठी ती वापरली, आणि १९७० च्या दशकात व्हिएन्नात कॅन्सरसाठी. इतकी जुनी युक्ती, इतकी नवी यंत्रं आल्यावरही कुणी का करत असेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

उत्तर मला वॉर्डानं दिलं. हाडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात सगळे एकमेकांचे पाय ओळखतात, चेहरे नंतर. पलीकडच्या खाटेवर एक सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याला चार वर्षांपूर्वी मला आवडलं होतं तसंच प्रोस्थेसिस बसवलेलं. छान चालत होता. मग आत जंतुसंसर्ग झाला. धातूला रक्तपुरवठा नसतो, आणि त्याच्यावर जंतूंचा पातळ थर धरला की प्रतिजैविकंही त्यात नीट शिरत नाहीत. बहुतेकदा सगळा ऐवज काढून, धुऊन, महिनोन्‌महिने थांबून पुन्हा बसवावा लागतो. त्याची ती दुसरी खेप होती. त्यानं मला एकदा विचारलं, "काका, तुमच्या कारखान्यात बेअरिंग किती वर्षं टिकतं?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "मी सत्तर वर्षं जगलो तर मला किती लागतील?"

प्रोस्थेसिस वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. हजारो मुलं आज त्याच्यावर चालतात, कॉलेजात जातात, आणि त्यांच्या पायाकडे बघून कुणाला काही कळतही नाही. न कळणं ही छोटी गोष्ट नव्हे; तेराव्या-चौदाव्या वर्षी तर ती फारच मोठी असते. पण त्या पायावर धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, आणि वाढ संपल्यावर तो बहुधा बदलावा लागतो. चुंबक असलेलं प्रोस्थेसिस असेल तर एमआरआयही बंद. ज्या यंत्रानं गाठ दाखवली त्याच्याच दाराशी पुन्हा जायचं नाही, हे मला जरा लागलंच.

आणखी एक मुलगा होता, नऊ वर्षांचा, नडगीच्या मधोमध इव्हिंग सार्कोमा, हाडाचाच दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर, झालेला. त्याचं हाड कापून बाहेर काढलं, गाठ खरवडली, मग त्या हाडाला एकदाच ५० ग्रेचा रेडिएशनचा डोस दिला आणि तेच हाड परत बसवलं. स्वतःचंच हाड, त्यामुळे माप तंतोतंत. जपानमध्ये कानाझावाच्या डॉक्टरांनी यासाठी द्रव नायट्रोजन वापरला: उणे १९६ अंश, वीस मिनिटं, मग हळूहळू वितळवायचं. आमच्याकडे हत्यारांचं पोलाद असंच बुडवून कडक करतात. पण हे परत बसवलेलं हाड मेलेलं असतं. त्याच्यात जीव दोन्ही टोकांनी हळूहळू शिरतो, वर्षं लागतात, आणि दरम्यान ते मोडू शकतं. म्हणून त्या पोकळीत त्याच्याच दुसऱ्या पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट घातलं होतं. फिब्युला घोट्यापाशी फार उपयोगी. मधला भाग गेला तर पाय फारशी तक्रार करत नाही. प्लास्टिक सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तवाहिन्या नव्या जागच्या रक्तवाहिन्यांना शिवतात, आणि ते हाड जिवंत राहतं. नुसतं राहत नाही. भार पडायला लागला की ते जाड होतं. लहान मुलांच्या खांद्याजवळचं हाड काढावं लागलं तर फिब्युलाचं वरचं टोक वाढीच्या पट्टीसकट उचलून दंडात बसवता येतं, आणि काही मुलांत ते तिथेही लांबत राहतं. पायातून उचललेलं हाड दंडात जाऊन वाढायला लागतं!

हे ऐकलं त्या रात्री माझा गिअरबॉक्स मला पहिल्यांदा थोडा केविलवाणा वाटला. तेरा हजाराला एक, पण झिजणार. आणि ते बारीक हाड, भार पडेल तसं जाड होणार.

तरी मी लगेच पालटलो असं नाही. आम्हाला एका मुलाला भेटवलं, विशीतल्या. रोटेशनप्लास्टी होऊन बारा वर्षं झालेली. तो सायकलवरून आला. खोलीत बसल्यावर त्यानं काहीही प्रस्तावना न करता कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवला. ताईनं क्षणभर नजर वळवली, मग परत आणली. ते पाऊल होतं, नेहमीचं, नखं कापलेलं, फक्त मागे वळलेलं. त्यानं टाच खाजवली. टाच पुढे होती. "सगळ्यात मोठा त्रास काय?" दाजींनी विचारलं. त्याला विचार करावा लागला. "घाम. उकाड्यात सॉकेटमध्ये, पाऊल बसतं त्या खोबणीत, फार घाम येतो."

भाची इतका वेळ गप्प होती. तिनं मॅडमना विचारलं, "तळव्याला गुदगुल्या होतील का?"

"होतील. तुझी नस मी कापणारच नाही. पाय उलटा होईल, पण डोक्याला तो पाय पायच वाटेल."

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

निर्णय तिनं घेतला असं लिहिलं तर ते खोटं होईल. अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवायचं ते ओझं नाही. निर्णय ताईनं आणि दाजींनी घेतला, तीन रात्री जागून, आणि त्यात मला विचारलं नाही हे बरंच झालं. गाठ स्नायूंत बरीच पसरलेली होती, वाढ बरीच बाकी होती, आणि पोरगी एका जागी दहा मिनिटं बसणारी नव्हती. पण गुदगुल्यांच्या त्या प्रश्नानंतर घरातलं काहीतरी सैल झालं, एवढं खरं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. मोठ्या रक्तवाहिन्या गाठीला फार खेटून होत्या, म्हणून तेवढा तुकडा काढून टोकं पुन्हा शिवावी लागली. नस मात्र अखंड ठेवली. पाय वर आल्यामुळे ती लांब पडली आणि आत वेटोळं करून बसवली. आपण बोलताना नस म्हणतो ती रक्ताचीही असते आणि संवेदनेचीही, दोन्हींना एकच शब्द. त्या रात्री हा फरक घरातल्या सगळ्यांना कळला. रक्ताची कापून शिवता येते. दुसरी कापली तर तळवा गेला, गुदगुल्या गेल्या.

पहिले दोन दिवस दर तासाला नर्स येऊन बोटांचा रंग बघायची, बोट दाबून रक्त परत कसं येतं ते बघायची, आणि डॉपलरचं छोटं यंत्र लावून नाडी ऐकवायची. फूस, फूस, फूस. मी रात्रपाळीला होतो. पंचवीस वर्षं मी यंत्रांचे आवाज ऐकून बिघाड ओळखतोय. इतक्या लक्षपूर्वक मी कुठलंही यंत्र ऐकलेलं नाही. पहाटे एकदा आवाज थांबला आणि माझ्या पोटात गोळा आला. जेल वाळलं होतं, एवढंच.

मधे जखमेची एक कड काळसर पडली. कातडीचा प्रश्न म्हणजे दिसायला छोटा, पण जखम भरल्याशिवाय पुढची केमो सुरू करता येत नाही, आणि केमोला फार उशीर परवडत नाही. शिवाय केमो चालू असली की हाडही सावकाश जुळतं. या दोन घड्याळांमध्ये आम्ही तीन आठवडे लोंबकळत होतो. कड भरली. गाठीचा अहवाल आला: ९० च्या वर. ताई त्या दिवशी पहिल्यांदा जिन्याबद्दल काही बोलली नाही.

मग शिकणं. पाय उलटा असल्यामुळे आता पोटरीचा स्नायू मांडीचं काम करणार. गुडघा सरळ करायचा तर बोटं खाली दाबायची, वाकवायचा तर बोटं वर ओढायची. हे वाचायला सोपं आहे. तुम्ही एकदा जिना चढताना नुसता विचार करून बघा. भाची पहिल्या आठवड्यात रडली, दुसऱ्यात चिडली. तिसऱ्या आठवड्यात तिनं चुलतभावंडांना खोलीत बोलावलं, दिवा घालवला, चादर पांघरली आणि उलटं पाऊल बाहेर काढून "हडळ आलीऽऽ" असा आवाज काढला. मी आणि ताई एकमेकांकडे बघत राहिलो. जो शब्द आम्ही दोघांनी चार महिने तोंडात दाबून धरला होता, तो तिनं खेळायला काढला होता.

कृत्रिम पायाला घोट्याच्या दोन्ही बाजूंना बिजागरी असतात. त्या कुरकुरायला लागल्या तेव्हा मला वाटलं, आता माझी पाळी. स्क्रू सैल करून मी त्या सरळ रेषेत आणल्या, तेल घातलं. दुसऱ्या दिवशी तिच्या पावलाला फोड. पाय बनवणाऱ्या माणसानं मला चांगलंच झापलं: घोट्याचा आस सरळ नसतो, तिरका असतो, आणि बिजागरी त्या तिरकेपणाला जुळवून बसवलेल्या होत्या. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की भाची अजून पाय मागे घेते.

वाढीबरोबर तो पाय तीन वेळा बदलला, पण तो बाहेरचा. त्यासाठी ऑपरेशन लागलं नाही. तिच्या फुप्फुसांचं सीटी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी व्हायचं, आता अंतर वाढलंय. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. टेरी फॉक्स नावाच्या कॅनडाच्या मुलाबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही. त्याचा उजवा पाय याच आजारात १९७७ मध्ये कापला, तेव्हा तो अठराचा होता. १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो १४३ दिवस धावला, ५,३७३ किलोमीटर, आणि फुप्फुसात कॅन्सर परतल्यामुळे थांबला. पुढच्या वर्षी गेला, बावीस वर्षांचा. त्याच्या धावण्याबद्दल सगळे मुलांना सांगतात. मला शेवट गाळून सांगता येत नाही, म्हणून मी सांगत नाही. तिनं तो स्वतः शोधून वाचला असणार, अशी मला शंका आहे.

आणि तेरावं वर्ष. त्या वर्षी तिनं पोहायला जाणं बंद केलं. उन्हाळ्यातही पायघोळ कपडे. एकदा ताईवर ओरडली, "तुम्ही दुसरा पाय का नाही निवडला? कुणाला कळलं तरी नसतं." ताईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, गिअरबॉक्सपासून जंतूंच्या थरापर्यंत सगळं, पण ते त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पोहायला ती पुन्हा जाते, कधीकधी. तो विषय मिटलाय असं मला वाटत नाही.

एक गोष्ट राहिली. ऑपरेशनच्या वेळी घोटा मुद्दाम दुसऱ्या गुडघ्याच्या बराच खाली जोडला होता. मला तेव्हा ती चूक वाटली. मापात एवढी तफावत आमच्याकडे कुणी पास केली नसती. मॅडमनी पेन्सिलीनं दोन रेघा काढून दाखवल्या. उजव्या मांडीला खालची मोठी पट्टी आहे, ती भरभर वाढणार. डावीला फक्त वरच्या टोकाची थोडी वाढ आणि घोट्याजवळच्या छोट्या पट्टीची. डावा गुडघोटा आज पुढे आहे. उजवा गुडघा मागून येऊन त्याला गाठेल. त्यांनी हाताच्या एक्स-रेवरून तिचं हाडांचं वय काढलं, तक्ता बघितला आणि ते अंतर ठरवलं. जो पाय अजून आलेला नव्हता त्याच्यासाठी जागा सोडली होती.

पुढची वर्षं गाडीत मागच्या सीटवर बसली की तिचा डावा पाय माझ्या पाठीत आधी टोचायचा. "मामा, सीट पुढे घे ना." मी घ्यायचो. मग उजवा मोकळाच राहायचा, डाव्याला जेमतेम जागा.

गेल्या महिन्यात आम्ही सीटी करून परत येत होतो. अहवाल चांगला होता. मी पुढे बसलेलो, आणि पाठीत दोन ठिकाणी एकदमच टोचलं.

"मामा, सीट पुढे घे ना."